घुबडापायी आडवी झालेली माणसं

ऐकलंत का? आमच्या दक्षिण फ्लोरिडात चांगल्या घरची माणसं हल्ली पहाटे उठून परक्याच्या अंगणासमोर पालथी पडतात. नाव कुणाचंच घेत नाही, मला मराठी मंडळात तोंड दाखवायचंय. पण त्यात एक हृदयरोगतज्ज्ञ आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत आणि एक तर चक्क गुरुजी आहेत. सत्यनारायणाला त्यांना पाटावर बसवत नाही, गुडघे धरतात, म्हणून यजमान खुर्ची मांडतात. तेच गुरुजी केप कोरलमध्ये, दव पडलेल्या गवतात, हनुवटी जमिनीला टेकवून कोपरांवर पडलेले मी या डोळ्यांनी पाहिले. आणि समोर कोण? वीतभर घुबड. तेही गुरुजींकडे अशा नजरेनं बघत होतं, की जणू यांची दक्षिणा द्यायची राहिलीय.

घुबड, बरं का! ज्याचं नाव तिन्हीसांजेला काढलं तर आजी पाठीत धपाटा घालायची, जे घराच्या आढ्यावर बसलं तर शांत करून घ्यायची पद्धत होती, ते घुबड. आता त्याचाच दोन फुटी फोटो कॅनव्हासवर छापून दिवाणखान्यात लागतो, आणि खाली पाहुण्यांना बसवून चहा देतात. कलियुग म्हणतात ते हेच असावं.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहरच झाला. एरवी कशी छान चर्चा व्हायची. कुणाची सून तिळगूळ ऑनलाइन मागवते, कुणाच्या मुलानं मेडिकलचं सोडून स्टँडअप कॉमेडी धरली, सगळं शिस्तीत. यंदा वाण लुटायच्या आधीच एकीनं फोन फिरवला. "अगं, यांना हेड टिल्ट मिळाला एकदाचा!" मला वाटलं मानेचं दुखणं असेल, मी लगेच ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगितली. तर हेड टिल्ट म्हणजे घुबडानं मान वाकडी केल्याचा फोटो. दुसरी म्हणाली, "आमच्याकडे हेड टिल्ट झालाय, आता फूड पास हवाय." तो म्हणजे नर घुबड मादीला पाल आणून देतो तो क्षण. तिसरीचा चेहरा जरा उतरलेला. नवऱ्यानं सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली होती, आणि तिला ती क्रेडिट कार्डाच्या बिलातून कळली. तुम्हाला कल्पना नसेल म्हणून सांगते, नामांकित कंपनीच्या सहाशेच्या एफ-चार लेन्सला हजारो डॉलर मोजावे लागतात. वजन मात्र पूर्वीपेक्षा कमी झालंय म्हणे. खिसा हलका झाल्यावर लेन्स जड लागून चालेल कशी?

बरं, ज्याच्यासाठी हे सगळं, त्या पक्ष्याची तरी चालचलणूक धड असावी! बरोइंग आऊल म्हणतात त्याला. म्हणजे बिळातलं घुबड. आपल्याकडच्या पिंगळ्याचं सख्ख्या कुळातलं, दोघांचं शास्त्रीय नाव अथेनी या एकाच शब्दानं सुरू होतं. अथेना देवीचं घुबड ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर आहे, तेही यांचंच भाऊबंद. म्हणजे खानदान मोठं. आणि वागणं? घुबडानं रात्री हिंडावं, दिवसा ढोलीत झोपावं, ही रीत. हे भर दिवसा उंबऱ्यात उभं. झाडावर राहायचं सोडून जमिनीखाली घर. पाय पाहिलेत का त्याचे? लांबच लांब, काटकुळे, वर पिसांची आखूड चड्डी घातल्यासारखे. बसत नाही ते, उभंच राहतं. पिवळेजर्द डोळे, पांढऱ्या भुवया, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की कुणीतरी चप्पल न काढता आत आलंय.

पश्चिमेकडच्या राज्यांत तर ही मंडळी स्वतः खोदायचेही कष्ट घेत नाहीत. प्रेअरी डॉगनं, खारीनं किंवा बॅजरनं खणलेलं बीळ रिकामं दिसलं की आत शिरून संसार मांडायचा. फ्लोरिडातली मात्र स्वकष्टाची, मऊ वाळूत स्वतः चार ते आठ फूट लांब बोगदा खणतात. हा फरक नवा नाही हं. एकोणिसाव्या शतकात डार्विन दक्षिण अमेरिकेत हिंडत होता तेव्हा त्यानंही टिपून ठेवलं होतं, की ब्यूनस आयर्सकडची घुबडं विस्काचा नावाच्या उंदीरवर्गी प्राण्याच्या आयत्या बिळात राहतात आणि नदीपलीकडची स्वतःचं स्वतः खणतात. इतका मोठा माणूस, पण कोण कुणाच्या घरात राहतं याची चौकशी त्यालाही सुटली नाही. मग आम्ही बायकांनी केली तर काय बिघडलं?

आता खरं ते ऐका, नाकाला पदर लावून. हे घुबड दाराशी शेण पसरतं. गाईचं, घोड्याचं, कुत्र्याचं, जे मिळेल ते चोचीनं आणून बिळाच्या तोंडाशी नीट मांडतं. तुम्ही म्हणाल, सडा घालत असेल. तसं नाही. शत्रूला अंड्यांचा वास येऊ नये म्हणून करतं, असं बरेच दिवस मानत होते. मग फ्लोरिडातल्या संशोधकांनी काही बिळांपुढचं सगळं काढून टाकलं, काहींपुढे मुद्दाम शेण घातलं, आणि पुढे काय होतं ते पाहिलं. शेण घातलेल्या दारातल्या घुबडांनी दुसऱ्यांच्या दहापट शेणकिडे खाल्ले. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात आलं हे. म्हणजे बाईसाहेब दारात शेण मांडून उंबऱ्यात उभ्या, आणि नाश्ता स्वतःच्या पायांनी चालत येतोय! आपण घरपोच मागवतो तेव्हा निदान टिप तरी देतो.

शेणावर भागलं असतं तरी गप्प बसले असते. पण दाराशी सिगारेटची थोटकं, चांदीचे कागद, प्लॅस्टिकचे तुकडे, कृत्रिम गवताच्या हिरव्या काड्या, असा सगळा पसाराही असतो. एक तर्क असा की हे बीळ भरलेलं आहे, दुसरीकडे बघा, हे येणाऱ्याजाणाऱ्या घुबडांना त्यातून कळावं. म्हणजे दारावरची पाटीच ती. आणि मुलं? मुलांना काय शिकवावं? आत कुणी डोकावलं तर पिल्लं अंधारातून खुळखुळ्या सापासारखा आवाज काढतात. चार-पाच भावंडं मिळून सापाची नक्कल करतात आणि बाहेरचा घाबरून पळतो. आमच्या मुलांना पाहुणे आल्यावर नमस्कार करायला सांगावं लागतं, यांना पाहुणे हाकलायचं उपजतच येतं.

एक गोष्ट मात्र मला त्या पक्ष्याची आवडली, खोटं कशाला बोलू. मादी अंड्यांवर बसते, महिनाभर बिळातच. नर बाहेर पहारा देतो आणि तिला खायला आणून देतो. इतका उन्हात उभा राहतो की त्याची पिसं विटून फिकी पडतात, आणि ती गडदच राहते. विणीच्या दिवसांत दोघं शेजारी उभी राहिली तर नवरा कोण हे रंगावरूनच ओळखू येतं. हळदीकुंकवात मी हे सांगितलं तेव्हा सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. लेन्सवालीनं तर सुस्काराच सोडला.

आता केप कोरलच का, हे विचाराल तर त्यामागेही एक प्रकरण आहे. रोझन नावाचे दोन भाऊ होते, लिओनार्ड आणि जॅक, बाल्टिमोरचे. मेंढीच्या लोकरीतली चरबी घातलेलं केसांचं औषध टीव्हीवर जाहिराती करून विकायचे. त्यावर पैसा कमावला आणि १९५७ मध्ये इथं येऊन पाणथळ, झुडपांची जमीन घेतली. कालवे खणले, चारशे मैलांहून अधिक. निघालेली माती दोन्ही बाजूंना टाकून जमीन उंच केली, झाडं साफ केली, हजारो प्लॉट पाडले आणि थंडीनं कुडकुडणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांना जेवणं घालून घालून, हप्त्यानं विकले. घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण कधी राहायलाच आले नाहीत. उरली काय, तर सपाट, बोडकी, गवत कापलेली रिकामी जमीन, मैलोन्‌मैल. बिळातल्या घुबडाला नेमकं तेच हवं असतं! उंच गवत नको, झाड नको, चारी बाजूंना लांबवर दिसलं पाहिजे. केसांचं औषध विकणाऱ्यांनी टक्कल करून ठेवलेल्या जमिनीवर घुबडं नांदली. आज फ्लोरिडातली त्यांची सगळ्यांत मोठी वस्ती तिथंच आहे, हे घुबड त्या शहराचा अधिकृत पक्षी आहे, आणि दर फेब्रुवारीत त्याच्या नावानं जत्रा भरते. जत्रेत घुबडाच्या टोप्या मिळतात, कानातले मिळतात, आणि बसमधून घुबडं दाखवायला नेतात. गुरुजींनी टोपी घेतली आहे. पूजेला घालून येत नाहीत, एवढं नशीब.

मीही गेले एकदा बघायला. चर्चा करायची तर पूर्ण माहिती हवी ना? दोन बंगल्यांच्या मधला मोकळा प्लॉट. चार पांढरे पीव्हीसीचे पाइप जमिनीत ठोकलेले, त्यांना दोरी. मधे वाळूचा उंचवटा, त्यात हात जाईल एवढं भोक. शेजारी टी आकाराची एक काठी, मुद्दाम त्याला बसायला रोवलेली. गावातले स्वयंसेवक हे सगळं करतात, बिळाभोवतीचं गवतही तेच कापतात. काठीवर नर. दोरीच्या बाहेर फोटोवाल्यांची रांग, सगळे आडवे. कुणी योगाची चटई आणलेली, कुणी पोटाखाली पोतं घेतलेलं, एकानं तर कॅमेरा ठेवायला तळण्याच्या तव्याला स्क्रू बसवून आणलेला. तवा गवतावरून सरकवत सरकवत पुढे जायचं. बायकोला कळलंय का, असं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. अंगावर जंगलात लपायचे हिरवे-तपकिरी कपडे, आणि मागून शाळेची पिवळी बस चाललीय. समोरच्या घरातली म्हातारी झोपायच्या गाऊनवर कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यापर्यंत आली, सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणाली आणि गेली. घुबडानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लपून बसलेल्यांकडे मात्र डोळे वटारून बघत होतं.

बँकेतले काका टोकाला पडले होते. काकू गाडीत, काच खाली करून.

"अहो, साडेसात झाले. रक्तदाबाची गोळी घ्या आधी."

"हळू बोल गं. उडेल ते."

"ते कशाला उडतंय, त्याचं घर आहे. तुम्ही उठा."

"उठता येत नाहीये, म्हणून तर पडलोय."

मग हृदयरोगतज्ज्ञांनी काखेत हात घालून काकांना उठवलं. घुबड दोनदा खालीवर झालं, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे वाकडी केली, आणि रांगेतून एकदम हायसं वाटल्याचा आवाज आला. मिळाला! हेड टिल्ट मिळाला!

इथंच मला त्या मंडळींचा खरा राग येतो, बाकीचं सगळं गमतीचं. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, फिरत नाहीत. समोरचं किती लांब आहे, किती मोठं आहे, हे जोखायला त्याला अख्खं डोकं हलवावं लागतं. आणि हे घुबड बेचैन झालं की पायांवर खालीवर होतं. जुन्या काळी गुराख्यांना वाटायचं, ते आपल्याला मान लववून रामराम करतंय. तर ज्या अदेसाठी हे लोक तडफडतात, ती बरेचदा त्याची शंका असते, की हे आडवं पडलेलं धूड आहे तरी काय आणि अजून किती जवळ येणार. त्याउपर ते कर्कश चक-चक करायला लागलं की सरळ निघावं. पण आमच्या मंडळींना त्यातही "काय सुंदर बोलतंय" असं वाटतं. दारात येऊन आपल्याला कुणी शिव्या घातल्या आणि आपण गाण्याला दाद दिली, त्यातला प्रकार.

विणीचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १० जुलै. या दिवसांत बिळाच्या तोंडापासून ३३ फुटांच्या आत गडबड नको, एरवी दहा फूट सोडा, असं राज्याच्या वन्यजीव खात्याचं सांगणं. २०१७ पासून तो पक्षी फ्लोरिडात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, त्याला त्रास देणं हा गुन्हा. ३३ फूट म्हणजे दहा मीटर. सहाशेच्या लेन्सनं दहा मीटरवरून त्याच्या पापणीचा केस मोजता येतो. मग हजारो डॉलर मोजून दुरून बघायची सोय करायची आणि वर पोटावर सरपटत जवळ जायचं, ही कुठली अक्कल? गाडीत बसून फोटो काढला तर ते बिचारं हलतही नाही, गाड्यांची त्याला सवय असते. पण गाडीतून काढलेला फोटो म्हणे फोटोच नव्हे, कोन वरचा येतो. डोळ्याला डोळा भिडला पाहिजे! वीतभर पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा म्हणून पावणेसहा फुटी माणसं जमीनदोस्त झालीत.

आणि काय काय ऐकू येतं! कुणी फोटोत गवताची काडी आडवी येते म्हणून नखं कापायच्या कात्रीनं घुबडाच्या दारातलं गवत कातरलं. कुणी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून किडे आणून टाकले. उत्तरेकडे थंडीत हिमघुबडांपुढे जिवंत उंदीर सोडतात, ती कला म्हणे इकडेही येऊ घातलीय. मी अर्थात विश्वास ठेवत नाही. मी फक्त पुढे सांगते.

हे लोण एका गावापुरतं नाही. बोका रॅटनला फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठ दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या जागेवर उभं आहे. मोकळं रान बघून घुबडं तिथं आधीच मुक्काम ठोकून होती. १९७१ मध्ये ऑडुबॉन संस्थेनं तो परिसर घुबडांचं अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि तिथले खेळाडू अभिमानानं स्वतःला आऊल्स म्हणवतात. आपल्याकडे कुणी कबड्डीच्या संघाचं नाव घुबड ठेवून बघावं! कूपर सिटीत ब्रायन पिकोलो पार्क आहे, तिथं क्रिकेटची मैदानंही आहेत आणि बिळंही. आपली मुलं शनिवारी तिथं खेळायला जायची, तेव्हा बायका निश्चिंत असायच्या. आता कुणाचा मुलगा सीमारेषेवर उभा राहून झेल सोडतो आणि विचारलं तर म्हणतो, "आई, ते बघत होतं माझ्याकडे."

माझी नणंद कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असते. तिकडची तऱ्हा याहून वेगळी, कारण तिथं घुबडं मूठभर आणि लेन्सा उदंड. माउंटन व्ह्यूचं शोअरलाइन पार्क म्हणजे मूळचा कचरा डेपो. सॅन फ्रान्सिस्कोचा कचरा आणून आणून टाकला, वर माती ओढली, गवत लावलं. खारींनी त्यात बिळं केली आणि बिळांत घुबडं. शेजारीच गुगलचं मुख्यालय. बर्कलीचं सीझर चावेझ पार्कही तसंच, कचऱ्याच्या डोंगरावर, खाडीच्या काठाला. तिथं थंडीत पाहुणी घुबडं येतात, दगडांच्या फटीत बसतात. कुत्री आणि फोटोवाले सुटू नयेत म्हणून कुंपण घालावं लागलं, आणि हौशी राखणदार उभे असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आयोगानं हा पक्षी संरक्षित यादीत घ्यायच्या वाटेवर आणला, तेव्हापासून तर कुजबूज फार वाढली. कुठं दिसला ते कुणी सांगत नाही. नणंद म्हणते, "वहिनी, इथं लोक स्वतःचा पगार सांगतील, कंपनी कधी विकणार तेही सांगतील, पण घुबडाचं लोकेशन विचारलं की कॉफी अर्धी टाकून उठतात." पुढे हळूच म्हणाली की कुणीतरी फोटोतल्या मागच्या विजेच्या खांबावरून जागा हुडकून काढली. शिकलेल्या माणसांची हुशारी अशी कामी येते.

घुबडापायी सज्जन माणसं बिघडतात हे काही नवीन नाही. आपल्या खानदेशाचीच कथा घ्या. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या पक्षितज्ज्ञांनी तो शास्त्राला माहीत करून दिला, आणि १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचे एक बडे कर्नल होते, पक्षितज्ज्ञ म्हणून मोठा दबदबा. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण मिळवला असं चिठ्ठीवर लिहिलेला. सगळ्यांनी मान डोलावली. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की तो नमुना त्यांचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला, ब्रिटिश म्युझियममधून कर्नलसाहेबांनी उचललेला, पुन्हा भरून शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला! वीतभर मेलेल्या पिंगळ्यासाठी इतक्या मोठ्या माणसानं चोरी केली. मग खोट्या चिठ्ठ्या बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागे लागले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी, सकाळच्या उजेडात. आमचे काका कितीही सरपटले तरी कर्नलच्या पासंगालाही पुरायचे नाहीत, असं मी काकूंना समजावलं. त्यांना फारसा धीर आलेला दिसला नाही.

पण एक सांगू? आमच्या मंडळींना नावं ठेवता ठेवता मी त्या दिवशीच्या मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यातली पाटी वाचली. विकणे आहे. शेजारच्या प्लॉटवर काँक्रीटचं जोतं झालेलं, पलीकडे ट्रक उभा. केप कोरलची वस्ती २०२० च्या जनगणनेत दोन लाखांच्या जवळ गेली, आणि रोझन बंधूंनी विकलेल्या प्लॉटांवर आता घरं उठतायत. बीळ जागेत येत असेल तर राज्याचा परवाना काढता येतो. आत अंडी-पिल्लं नाहीत ना, हे नळीच्या टोकाला कॅमेरा लावून बघायचं, संवर्धनाच्या नावानं ठरलेली रक्कम भरायची, आणि मग बीळ रीतसर मोडायचं. सगळं कायदेशीर. त्यात कुणाच्या भुवया वर जात नाहीत, हळदीकुंकवात कुणी कुजबुजत नाही. कार्ल हायासेन यांनी २००२ मध्ये 'हूट' नावाची कादंबरी लिहिली, तिच्यात फ्लोरिडातली शाळकरी मुलं घुबडांच्या बिळांवर उभं राहणारं पॅनकेकचं हॉटेल बंद पाडतात. पुढे सिनेमाही आला. मुलांनी वाचली, आयांनी कौतुक केलं, आणि मग तीच कुटुंबं तीन बेडरूमचं नवं घर बघायला केप कोरलला गेली. आमच्यातलीही. कोण ते विचारू नका, त्यांनी गृहप्रवेशाला श्रीखंड फार छान केलं होतं.

पालथ्या पडलेल्या लोकांबद्दल माझं मत बदललेलं नाही. मात्र त्या प्लॉटवर बीळ आहे हे शहराला कळवलं कुणी, तर गुरुजींनी. दोरी सैल झाली तर बांधतं कोण, तर काका. फोटोसाठी का होईना, पण दर शनिवारी तिथं कुणीतरी मोजतंय की गेल्या खेपेला तीन पिल्लं होती, आज दोनच का. मांजर की मोटार, यावर त्यांच्यात वाद होतात. रस्ता ओलांडताना खालून उडणारी घुबडं गाड्यांखाली फार जातात, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आता त्या गल्लीत ताशी वीस मैलांच्या वर जात नाहीत, आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात. हा माणूस हायवेवर कसा चालवतो ते मी पाहिलंय, म्हणून सांगते.

आणि आता ताजं ऐका, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. मार्को आयलंडला आपल्या अंगणात घुबडाला जागा देणाऱ्या घरमालकाला वर्षाला २५० डॉलर मिळतात, असं काकांनी कुठूनसं ऐकलं. राहतात ते तिथं नव्हे, पण डोक्यात किडा शिरला. परवा त्यांनी मागच्या अंगणात गवताची गोल चकती उचलली, खाली तिरका खड्डा घेतला, निघालेली वाळू बाजूला ओतली आणि टी आकाराची काठी रोवली. घुबडांना असं अर्धं काम करून दिलेलं आवडतं, पुढचं ते स्वतः खणतात. काठी रोवली ती नेमकी तुळशीवृंदावनाच्या समोर, कारण ऊन तिथं चांगलं येतं. काकूंनी व्हिडिओ कॉलवर साताऱ्याला सासूबाईंना तुळस दाखवायला फोन वळवला, तर त्यांनी विचारलं, "सूनबाई, ते काय रोवलंय गं?" काकू म्हणाल्या, "दोरीची काठी, कपडे वाळवायला." सोसायटीलाही ती कपड्यांचीच काठी वाटली असावी, कारण लगेच त्यांचं पत्र आलं, की मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला परवानगी नाही, काठी पंधरा दिवसांत काढावी. आता काकांना उत्तर लिहायचंय की ही काठी कपड्यांची नसून घुबडाची आहे, आणि त्या पत्राची प्रत काकू साताऱ्यापासून लपवणार आहेत. इंग्रजी मी तपासून द्यावं म्हणून मसुदा कालच माझ्याकडे आलाय.